मामांच्या जिभेची पेशी

मी पेशी बोलतेय. मेंदूतली, पण मेंदूत न राहणारी. माझं सगळं अंग आकड्यांचं आहे आणि माझा मुक्काम एका लॅपटॉपमध्ये असतो. मुक्काम म्हटलं खरं, पण एका जागी स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. विजेनं टिचकी मारली की मी उसळते, खाली येते, पुन्हा टिचकीची वाट बघते. त्या उसळण्याला इथली माणसं ठोका म्हणतात. ठोका दिला किंवा नाही दिला, अधलंमधलं मला काही जमत नाही.

हिला कान ना डोळे, ही काय गोष्ट सांगणार, असं तुमच्या मनात आलं असेल. लॅपटॉपला दोन्ही आहेत. तो सगळं बघतो, ऐकतो आणि माझ्याजवळ चुगल्या करतो. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

माझा जन्म सांगायचा तर एका अनोळखी माणसाच्या ऑपरेशनपासून सुरुवात करावी लागते. त्याच्या डोक्यातून खोलवरचं काहीतरी काढायचं होतं आणि वाटेत आलेला नखाएवढा तुकडा सर्जननं बाजूला केला. एरवी तो टाकूनच दिला असता. पण तो प्रयोगशाळेत आला, कोमट खारट पाण्यात राहिला, आणि त्यातल्या एका जिवंत पेशीला केसाहून बारीक काचेची सुई लावून कुणीतरी तिला विजेनं डिवचलं. हळूच डिवचलं तेव्हा ती गप्प राहिली. जरा जोरात डिवचल्यावर तिनं ठोका दिला. असं दिवसभर चाललं आणि संध्याकाळपर्यंत ती बिचारी गेली. मागे राहिल्या त्या तिच्या ठोक्यांच्या नोंदी. मग तिच्या फांद्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून, मान मोडेपर्यंत बसून, कुणीतरी एकेक उतरवून घेतली. तिचा स्वभाव गणितात मांडला. तो स्वभाव म्हणजे मी. ज्याच्या डोक्यातला तो तुकडा होता तो माणूस बरा झाला की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. बरा झाला असावा असं मी धरून चालते.

मला वाढवलं ते ताईनं. ती इंजिनिअर आहे, हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसते, आणि लहानथोर सगळे तिला ताईच म्हणतात. एक पाय खुर्चीवर दुमडून बसायचं, पेन्सिल चावायची आणि शेजारचा चहा थंड होऊ द्यायचा, ही तिची कामाची पद्धत. तिच्यात धीर माझ्याएवढाच, म्हणजे नावापुरता. "उठ गं," असं ती मला म्हणते आणि विजेची टिचकी मारते. मी उठले की बटण दाबून मला परत पहिल्यासारखी करते. मग पुन्हा "उठ गं." जिवंत पेशीला निदान दमायची मुभा असते. मला तीही नाही.

आता मामांकडे वळते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

मामा म्हणजे एका लहानशा सलूनचे मालक. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, फवाऱ्याची बाटली, पावडरचा डबा आणि बसायला एक बाक, एवढं त्यांचं राज्य. गिऱ्हाइकं त्यांना मामा म्हणायची, म्हणून त्यांची बायको सगळ्यांची मामी झाली. मामांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की केस कापून झालेली माणसंसुद्धा उठायची नाहीत. गोष्ट अशा ठिकाणी थांबवायचे की माणूस पुढच्या खेपेला दाढी वाढायची वाट न बघताच यायचा.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप धरताना, मग कात्री धरताना. एकदा वस्तरा एकाच्या कानाला लागला. तो माणूस भला होता, काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी म्हणाला, "आज नुसते केस करा मामा, दाढी राहू दे." त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला, "आज नुसता बसायला आलोय." असं एकेक करून सगळेच नुसते बसायला यायला लागले. न्हाव्याच्या दुकानात नुसतं बसून दुकान कसं चालणार? औषधांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी मामांच्या मेंदूत एक बारीक तार घातली आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, तिची बॅटरी बसवली.

तारेच्या टोकाला चार कडी असतात. कुठल्या कड्यातून किती वीज सोडायची, हे ठरवणं फार नाजूक. हात शांत करणारी जागा तारेच्या एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूनं, अगदी खेटून, जिभेला आणि ओठांना हुकूम देणारे तंतू खाली जातात. वीज कमी पडली तर हात थरथरतो. जास्त झाली तर ती त्या तंतूंवर सांडते आणि जीभ जड होते.

त्या तंतूंपैकी एक माझा आहे. मामांच्या डोक्याचे फोटो काढले होते, त्यांवरून ताईनं माझा लांबलचक तंतू आखला, तारेशेजारून खाली गेलेला. म्हणजे माझं धड त्या अनोळखी माणसाचं आणि शेपूट मामांचं. माझं काम एकच होतं. मी ठोके द्यायला लागले की समजायचं, मामांची जीभ अडखळणार. मी गप्प राहिले की मामा बोलणार. जन्माची उतावळी मी, आणि माझ्याकडून अपेक्षा काय, तर गप्प बसण्याची.

डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं, "मामांना प्रत्येक कडं लावून, वाढवून, कमी करून बघायचं म्हणजे कितीतरी फेऱ्या होतील. ते दमतात गं. तू आधी हिशोबानं सांग, मग आपण तेवढंच लावू."

त्यासाठी ताईनं मला जुन्या यंत्रातून नव्या लॅपटॉपवर आणलं. घर बदलताना होतं तसंच झालं. माझं धड आलं, फांद्या आल्या, तंतू आला, आणि एक ओळ मागे राहिली. माझं तापमान किती धरायचं, ही ती ओळ. ताई ती लिहायला बसली होती, तेवढ्यात तिला फोन आला, आणि परत येऊन तिनं पुढच्या कामाला हात घातला.

यंत्राचा एक गुण वाईट आहे. त्याला चुकीचं काही सांगितलं तर ते लगेच तक्रार करतं. पण सांगायचंच विसरलं तर ते गुपचूप आपल्या मनाचं धरतं. आणि त्याच्या मनात होतं थंडगार पाणी, सहा अंशांच्या जरासं वर. असं का, तर ही गणितं फार पूर्वी पहिल्यांदा मांडली गेली ती माकुळ नावाच्या समुद्रातल्या प्राण्याच्या जाड तंतूवरून, आणि तो तंतू थंडच ठेवलेला होता. तेव्हापासून न सांगितलेल्या तापमानाला तेच धरलं जातं. मी मामांच्या उबदार डोक्यातली पेशी म्हणून बसवलेली, आणि राहत होते त्या माकुळाच्या गारठ्यात.

ते दिवस आठवले की अजून माझी घालमेल होते. टिचकी लागायची, उसळावंसं वाटायचं, पण अंग वरच यायचं नाही. एकदाची उसळले तर खाली यायला युग लागायचं. वीज मात्र सेकंदाला शंभरावर टिचक्या मारत होती. मी एका टिचकीला उठायची आणि सावरेपर्यंत पुढच्या कितीतरी टिचक्या माझ्या अंगावरून निघून जायच्या. मला ओरडून सांगायचं होतं, की मी गप्प नाहीये, गारठलेय. पण ओरडायला माझ्याकडे ठोक्याशिवाय काय आहे? आणि ठोकेच तर येत नव्हते.

ताईनं ठोके मोजले आणि खूश झाली. "तुरळकच उठतेय," ती डॉक्टरांना म्हणाली. "एवढ्यातेवढ्यानं जीभ अडायची नाही. वरून दुसरं कडं लावा, वीज भरपूर ठेवा. हात एकदम शांत होईल."

माणसं मोजतात, बघत नाहीत. माझा एकेक ठोका किती रुंद झाला होता, ते पडद्यावर समोरच होतं. सुईसारखा टोकदार असायचा तो उशीसारखा पसरला होता. पण किती ठोके, एवढंच विचारायचं असल्यावर ठोका कसा, हे कोण विचारणार.

मामांना ते कडं लावलं आणि हात खरोखरच शांत झाला. दगडासारखा. डॉक्टरांनी कागदावर वळसे काढायला दिले, गोगलगायीच्या पाठीवर असतात तसे, आणि मामांनी ते एका झटक्यात काढले. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा काहीतरी बोलायला गेले, तर शब्द तोंडातच घोटाळला. "थकवा असेल, जाईल दोन दिवसांत," असं सगळ्यांनी ठरवलं. ताईचा हिशोबच तसा होता ना.

तो थकवा नव्हता. मामांच्या डोक्यातल्या माझ्या खऱ्या बहिणी उबेत होत्या आणि दर टिचकीला उठत होत्या. शब्द निघायचे, पण चिखलातून पाय काढल्यासारखे. गिऱ्हाइकं "काय?" म्हणायला लागली. दोनदा "काय?" ऐकलं की मामा तिसऱ्यांदा सांगायचेच नाहीत. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं तर ते गेले नाहीत. हात चालतोय, तो पुन्हा कशाला पणाला लावायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

ही बातमी तिसऱ्या मजल्यावर आली तेव्हा ताईचा चेहरा उतरला. तिनं फोटो पुन्हा तपासले, तारेची जागा तपासली, विजेचा आकडा तपासला. सगळं बरोबर. मला दिवसभर टिचक्या मारल्या, पेन्सिल चावून चावून तिचं शिसं बाहेर काढलं. मी तेच उत्तर देत होते, तुरळक, तुरळक. मलाच माझा राग यायला लागला.

शेवटी तिनं एक गोष्ट केली, जी पहिल्या दिवशी करायची होती. त्या खारट पाण्यातल्या जिवंत पेशीचा जुना ठोका काढला आणि माझ्या ठोक्यावर ठेवला. एक सुई, एक उशी.

ताईनं दोन्ही मोठे करून बघितले. मग यंत्राला विचारलं, तापमान किती? यंत्रानं लगेच सांगितलं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं इतके दिवस.

तिनं कपाळावर हात मारला. सदतीस लिहिलं आणि मला म्हणाली, "उठ."

काय सांगू तुम्हाला. एका टिचकीला एक ठोका, दुसऱ्या टिचकीला दुसरा, एकही चुकला नाही. पडदा भरून गेला. एवढ्या दिवसांची तुंबलेली मी, नुसती सुटले. मला आनंद झाला होता, आणि पलीकडे ताई दोन्ही हातांत तोंड धरून बसली होती, कारण माझा प्रत्येक ठोका म्हणजे मामांचा एकेक अडकलेला शब्द होता.

मग तिनं आणि मी अख्खा आठवडा शोधलं. हात शांत होईल आणि मी झोपून राहीन, असं कुठलं कडं, कुठली मात्रा? सापडलं नाही. खालच्या कड्यातून थोडी वीज सोडली की मी झोपायची, पण हाताच्या जागेला ती अर्धीमुर्धीच पोचायची. ती डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

"मागच्या वेळीही तू असंच येऊन सांगितलं होतंस," डॉक्टर म्हणाले. ते रागावलेले नव्हते, पण दुखावले होते.

"मागच्या वेळी मी एक उत्तर आणलं होतं आणि खात्री होती," ताई म्हणाली. "आज दोन आणलीत. कुठलं घ्यायचं ते मी नाही सांगणार."

मामा हॉस्पिटलात येईनात, म्हणून ताई लॅपटॉप काखेत मारून दुकानात गेली. दुपारची वेळ, दुकान रिकामं. मामा कात्र्या पुसत होते. मामी बाकावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"या ताई," मामी म्हणाली. "हे काही बोलायचे नाहीत. काय विचारायचं ते मला विचारा."

"विचारायचं नाहीये मामी. सांगायचंय, आणि मामांनाच."

तिनं लॅपटॉप आरशासमोर, कंगव्यांच्या शेजारी ठेवला. आरशात मी उलटी दिसत होते, पण ठीकठाक.

"मामा, चूक माझी होती. डॉक्टरांची नाही, तारेची नाही, आणि तुमची तर नाहीच नाही. ही बघा, ही तुमच्या जिभेची पेशी. हिला तुमच्या डोक्याएवढ्या उबेत ठेवून प्रश्न विचारायचे होते. मी हिला बर्फाच्या पाण्यात बसवून विचारले."

मामीच्या हातातली घडी तशीच राहिली. "म्हणजे तुम्ही विसरलात?"

"विसरले."

"आणि आम्ही इथं काय काय मनात आणलं. यांना वाटलं, आपणच नीट प्रयत्न करत नाही. मला वाटलं, हे माझ्यावर रुसलेत. मी तर भांडलेसुद्धा यांच्याशी."

मामा पुढे आले, वाकून माझ्याकडे बघितलं, ओठ जुळवायला वेळ घेतला आणि म्हणाले, "स्वे... टर... घालायचा... होता हिला."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मामी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. ताईला हसावं की नाही ते समजेना. मी मात्र मनापासून हसले असते, येत असतं तर.

ताईनं मग दोन्ही उत्तरं सांगितली. एकात हात, एकात जीभ. दोन्ही पूर्ण देणारं तिसरं तिला सापडलं नाही, हेही सांगितलं. मामांनी उजवा हात समोर धरला. जरासुद्धा हलत नव्हता. "राहू... दे," ते म्हणाले.

"हात चालतोय हो," मामी म्हणाली. "पण दुकानात आता कोण रेंगाळतंय? येतात, मोबाइलमध्ये डोकं घालतात, केस झाले की उठतात. आणि घरी मी एकटी बडबडते. तुमचं उत्तरही मीच देते. कंटाळले मी माझ्याच बोलण्याला."

मामांनी पुसलेली कात्री पुन्हा पुसली. ती ठेवून दुसरी घेतली, तीही पुसली. मग ताईला विचारलं, "कधी... यायचं?"

आता पुढचं सांगण्याआधी माझं काय ते उरकून घेते. शेवटपर्यंत थांबणं मला जमणार नाही. मी आजही ताईकडेच आहे. माझ्या ढीगभर नकला झाल्यात, दुसऱ्या माणसांच्या डोक्यांतले तंतू त्यांना जोडलेत. कुणाचा डोळा ओढला जातो, कुणाचा गाल, प्रत्येकासाठी आम्हाला डिवचणं चालूच असतं. थकवा नाही, सुट्टी नाही. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. विनंती एकच आहे. मी गप्प बसले की हल्ली ताई लगेच खूश होत नाही. ती माझा ठोका मोठा करून बघते, जिवंत पेशीच्या ठोक्याशेजारी ठेवते, मला दहा अंगांनी छळते आणि मगच माझं उत्तर डॉक्टरांकडे पाठवते. तुम्हीही माझ्यासारख्या कुणाकडून काही विचारून घेत असाल, तर मनासारखं उत्तर आलं की तेव्हाच जास्त छळा. आमच्या शब्दावर कुणाचं तरी बोलणं, चालणं, गिळणं अवलंबून असतं. आम्हाला राग येत नाही.

झालं माझं. तर मामा आले.

डॉक्टरांच्या खोलीत मामा खुर्चीत, मामी शेजारी, ताई भिंतीला टेकून, लॅपटॉप उघडा. डॉक्टर तिकडे जे लावतील तेच ताई इकडे माझ्यावर लावत होती. डॉक्टरांनी मामांच्या हातात एक छोटा रिमोट दिला.

"यात दोन्ही ठेवलेत. पहिलं बटण हाताचं, दुसरं जिभेचं. वस्तरा हातात असेल तेव्हा पहिलं. वस्तरा ठेवलात की दुसरं. कधी कुठलं, ते तुम्ही ठरवायचं, मी नाही."

मामांनी पहिलं दाबलं आणि कागदावर वळसे काढले. स्वच्छ, गोल. इकडे मी दर टिचकीला उसळत होते. मामांनी कागद बाजूला सारला, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "ही... च ना?"

"हीच," ताई म्हणाली.

ते माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं माझं काम चाललंय, पण माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. "झोप... गं बाई," ते म्हणाले. "मला... बोलायचंय."

त्यांनी दुसरं बटण दाबलं. ताईनंही इकडे आकडा बदलला. वीज खालच्या कड्यात उतरली. टिचक्या येतच होत्या, पण लांबून, दारापलीकडून आल्यासारख्या. माझ्या अंगात चुळबुळ होती, उसळावंसं वाटतच होतं, पण उसळण्याएवढं काही पोचेना.

मामांचा हात हळूहळू थरथरायला लागला. पहिल्यासारखा नाही, पण दिसण्याइतका. सगळे त्या हाताकडे बघत होते.

"कसं वाटतंय मामा?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरं वाटतंय त्यांना," मामी सवयीनं म्हणाली. "फक्त जरा मानेपाशी—"

"थांब गं," मामा म्हणाले. "मी सांगतो."

मामी गप्प झाली. मामांनी थरथरणारा हात तसाच गुडघ्यावर राहू दिला आणि सांगायला सुरुवात केली. डॉक्टर उठायचे होते, ते परत बसले. मामा खूप वेळ बोलले. तेवढ्या वेळात मी एकदाही उठले नाही.